उंदीर पडला की गाव बाहेर : जंतूंविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात "जंतू आणि माणूस" ह्या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं थोडीफार पत्रं येतील, तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाऊस. निम्मे प्रश्न कोरोनाचे, त्यातले बरेच भांडणाचे, ते बाजूला ठेवले. जे आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी-चिक्कोडी भागातल्या माणसालाच पडतील असे प्रश्न घेतलेत. काहींनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं काढली आणि फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (खानापूर तालुक्यातल्या एक आज्जी, नातवाकडून टाइप करून) : सर नमस्कार. आमची सासू सांगायची, प्लेगाच्या वेळी घरात उंदीर मरून पडला की सगळं गाव सोडून मळ्यात खोपी घालून राहायचे, महिना दोन महिने परत यायचे नाहीत. तेव्हा गावात डॉक्टर कुठला, मग ह्यांना कसं कळलं की बाहेर जायचं? आणि गावात वार पाळतात अजून, त्यानं साथ जाते काय खरंच?

आज्जी, तुमच्या सासूबाईंच्या आधीच्या पिढीला जे अनुभवानं कळलं ते सरकारी डॉक्टरांना मान्य करायला दहा-एक वर्षं लागली, तेव्हा त्या लोकांना अडाणी म्हणायचं काही कारण नाही.

झालं असं की १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला, म्हणजे जिथं धान्याची गोदामं होती तिथंच, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे पेशंट सापडले. प्लेगचा जंतू त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९४ ला, हाँगकाँगला येर्सिन नावाच्या डॉक्टरनं शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता पण तो घरात शिरतो कसा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मग सरकारनं आपल्या समजुतीप्रमाणे कामाला सुरुवात केली, घरं चुन्यानं रंगवा, फिनेल-कार्बोलिक ओता, ऊन यावं म्हणून कौलं काढा, कपडे जाळा, पेशंटला ओढून कॅम्पात न्या. हे सगळं होईस्तोवर त्या घरातले उंदीर शेजारच्या घरात गेलेले असायचे. पुण्यात तर गोरे सोल्जर घरात, देवघरात शिरायला लागले, त्याचा शेवट २२ जून १८९७ ला तिथला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी चालण्यात झाला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेगच्या पेशंटची सेवा करता करताच, हे आपल्याकडे जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतात.

आता उंदराचं सांगतो. प्लेग मुळात उंदरांचा रोग आणि तो एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेते ती पिसू. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, पिसवा गार अंगावर राहत नाहीत, उतरतात आणि दुसरं गरम अंग शोधतात, जवळ उंदीर नसेल तर माणूस चालतो. त्यात अजून एक वाईट गोष्ट अशी की पिसवेच्या पोटाच्या तोंडाशीच प्लेगचे जंतू वाढून गोळा होऊन बसतात, मग तिनं कितीही रक्त ओढलं तरी आत जात नाही, ती उपाशीच राहते, म्हणून परत परत चावत सुटते आणि प्रत्येक चाव्याला थोडे जंतू आपल्या अंगात सोडते. म्हणजे घरात मेलेला उंदीर दिसला याचा अर्थ पिसवा मोकळ्या सुटल्या, आता इथं राहायचं नाही. गावानं नेमकं तेच ओळखलं होतं, पिसू माहीत नसताना. मळ्यातल्या खोपीत कणगी नाही, पेव नाही, धान्याची पोती नाहीत, मग उंदीर कशाला येतो तिकडं? आणि महिना-दोन महिने लांब राहिलं की गावातले उंदीर मरून संपलेले, उपाशी पिसवाही बऱ्याच मेलेल्या.

पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत प्रयोग करून पिसवेचं सिद्ध केलं होतं. एका पिंजऱ्यात प्लेगचा उंदीर पिसवांसकट, मध्ये जाळी, पलीकडे धडधाकट उंदीर. शिवाशिव नाही तरी पलीकडचा मेला, आणि पिसवा काढून टाकल्या तर मात्र काहीच होईना. पण त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही, मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर पुन्हा सगळं तपासून झालं तेव्हा मानलं.

आपल्या भागात प्लेग आला तो गाडीनं आणि पोत्यांतनं. मिरज-बेळगाव-लोंढा लाइन नुकतीच झालेली, कापूस आणि धान्य हलायला लागलेलं, आणि पोत्यांबरोबर उंदीर. हुबळीला १८९८ ला एवढी मोठी साथ झाली की तिथं हाफकिनची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. हा हाफकिन म्हणजे आजच्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचाच, त्यानं १० जानेवारी १८९७ ला लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढं १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावात लशीच्या एकाच बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसं मेली, खापर हाफकिनवर फुटलं, निर्दोष ठरायला त्याला १९०७ उजाडलं. लोक लशीला का घाबरायचे हे कळायला ह्या गोष्टी पण माहीत पाहिजेत, नुसतं "अंधश्रद्धा" म्हणून चालत नाही.

एक गोष्ट मात्र आठवणी सांगताना आपण गाळतो. मळ्यात खोप घालायला मळा लागतो. ज्याची जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या ओसरीला राहून मजुरी करायचा, त्यानं कुठं जायचं? आणि आजारी माणूस बऱ्याचदा मागंच राहायचा. देशात प्लेगनं पंचवीस-तीस वर्षांत एक कोटीच्या वर माणसं गेली, त्यात कोण जास्त गेलं असेल हे वेगळं सांगायला नको.

वार पाळणुकीचं विचारलंत. मंगळवारी-शुक्रवारी शेतात जायचं नाही, कामं बंद, गावदेवीला गाऱ्हाणं, त्यानं जंतू जातो असं मला तरी पटत नाही. पण साथीच्या वेळी सगळं गाव एका दिवशी थांबतं, निरोप न देता सगळ्यांना नियम माहीत असतो, पाळला नाही तर चार माणसं विचारतात, ही ताकद २०२० ला कुठल्या सरकारी परिपत्रकात मला दिसली नाही. फक्त वारासाठी सगळे देवळात दाटीनं जमले तर उलटंच होणार, तेवढं नातवाला सांगा.

प्रश्न (कडोली भागातले शेतकरी) : पावसाळी बटाट्यावर करपा आला की आठ दिवसात वावर काळं होतं. कृषी खात्याचे एक साहेब म्हणाले ह्या रोगानं एक देश उठला होता. थाप मारली काय?

थाप नव्हे, देश आयर्लंड. आणि तुम्ही ह्या रोगाला जेवढं जवळनं बघितलंय तेवढं इतिहास लिहिणाऱ्यांनी पण बघितलेलं नसतंय. सकाळी दव असताना पान उलटं करून बघा, काळ्या डागाच्या कडेनं पांढरी बारीक लव दिसते, तोच तो. बुरशीसारखा दिसतो, सगळे बुरशीच म्हणतात, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, नाव फायटोफ्थोरा. गार हवा, ढगाळ, पानं ओली, असे चार दिवस सलग मिळाले की झालं, ऊन पडलं तर थांबतो. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे त्याला आमंत्रणच.

हा मूळचा अमेरिका खंडातला. १८४५ ला युरोपात पोचला, बहुतेक बियाण्याच्या बटाट्यांतनंच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत आयर्लंडात. तिथल्या गरीब कुळांकडे जमिनीचा एवढासा तुकडा असायचा आणि त्यात पोट भरेल असं पीक एकच, बटाटा. तो पण बहुतेक एकाच जातीचा. बटाटा आपण डोळे कापून लावतो, बी पेरत नाही, म्हणजे सगळं वावर एकाच झाडाचं म्हटलं तरी चालेल, एकाला रोग आला की सगळ्यांना. १८४५ ला बराच भाग गेला, १८४६ ला जवळजवळ सगळंच गेलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत अंदाजे १० लाख माणसं भुकेनं आणि भुकेबरोबर आलेल्या तापांनी मेली आणि १० लाखाच्या वर देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. आधी लोकसंख्या होती ८० लाखाच्या थोडी वर.

आता खरी गोम ऐका. त्याच वर्षांत आयर्लंडातनं गहू, ओट, लोणी, जनावरं इंग्लंडला जात होती. धान्य होतं, पण ते खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, भरायला आणि विकायला, खायला बटाटा. जंतूनं बटाटा मारला हे खरं, माणसं मारायला मात्र जमीनदार, खंड आणि लंडनचं सरकार हे सगळे लागले. त्यामुळे "एका जंतूनं देश उठवला" हे साहेबांचं वाक्य मी अर्धंच मान्य करतो.

तेव्हा लोकांना जंतूमुळे रोग होतो हेच पटत नव्हतं. पानावरची बुरशी ही रोगाचं कारण नाही, झाड सडल्यामुळे ती येते असं मोठमोठे लोक म्हणत होते. अँटन द बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात नीट दाखवून दिलं की आधी हा येतो, मग झाड सडतं. आणि तुम्ही मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारता ना, ते १८८५ च्या सुमाराला फ्रान्सात बोर्डोच्या द्राक्षबागांसाठी निघालं, द्राक्षाच्या केवड्यावर, मग बटाट्याला पण लागू पडलं.

तुमच्यासाठी एवढंच, की बियाणं कुठलंही आणा, जालंधरचं म्हणून डोळे झाकून घेऊ नका, चार बटाटे कापून बघा, आत तांबूस-तपकिरी डाग असेल तर ते पोतं परत. आणि काढणीनंतर सडका माल बांधावर टाकायचा नाही, पुरायचा.

प्रश्न (टिळकवाडी, कॉलेज विद्यार्थिनी) : सर, आमच्या इथल्या व्हॅक्सिन डेपोवर आम्ही रोज वॉकला जातो, पण तिथं नक्की काय व्हायचं हे कुणालाच माहीत नाही. आणि आजोबांच्या हातावर मोठा वण आहे, बाबांच्या आणि माझ्या दंडावर छोटा, असं का?

अगं, तुझे दोन्ही प्रश्न एकच आहेत. आजोबांच्या हातावरचा वण देवीच्या लशीचा, आणि ती लस जिथं तयार व्हायची त्यातली एक जागा म्हणजे तुझा वॉकिंगचा डेपो.

देवी म्हणजे काय हे तुमच्या पिढीला नुसतं सांगून कळत नाही. ताप, मग अंगभर पू भरलेले फोड, दहातले तीन-चार जायचे, जे वाचायचे त्यांच्या तोंडावर कायमचे खड्डे, कितीतरी आंधळे. त्यावर एडवर्ड जेन्नरनं १४ मे १७९६ ला इंग्लंडात गाईंच्या देवीचा पू एका आठ वर्षांच्या पोराला टोचला, पुढं त्या पोराला खऱ्या देवी झाल्याच नाहीत. पण ही लस भारतात आणायची कशी, फ्रिज नाही काही नाही, मग एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, त्याच्या फोडातला तिसऱ्याला, अशी माणसांची साखळी. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा करत ती मुंबईला आली आणि १४ जून १८०२ ला अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती भारतातली पहिली. आपल्या कर्नाटकातली पण एक गोष्ट आहे, १८०५ च्या सुमाराचं म्हैसूरच्या राण्यांचं एक चित्र आहे, त्यात एक राणी पदर सावरून दंड दाखवते, लस घेतल्याची जागाच ती दाखवते असं काही अभ्यासक म्हणतात. खरं असेल तर राजघराण्यानं केलेली लशीची जाहिरातच म्हणायची.

हातातून हातात लस देण्याचा घोळ असा की त्यातून दुसरे रोग पण जायचे, आणि आपल्याकडे जात आडवी यायची, दुसऱ्या जातीच्या पोराचा पू माझ्या पोराला नको. म्हणून मग वासरांवर लस वाढवायला लागले. वासराच्या किंवा रेडकाच्या पोटाची कातडी भादरून, स्वच्छ धुऊन, त्यावर बारीक ओरखडे काढायचे आणि लशीचं बी चोळायचं, चार-पाच दिवसांनी फोड भरले की ते खरवडून काढायचे, ग्लिसरीनमध्ये बारीक वाटायचे आणि नळ्यांत भरून गावोगावी पाठवायचे. बेळगावच्या डेपोत ब्रिटिश काळापासून हेच काम. ही ओली लस उन्हात लगेच बिघडायची, त्यामुळे आपल्या गार हवेचा फायदा झालाच असणार असं मला वाटतं. पुढं सुकवलेली लस आली, ती उन्हात पण टिकायची, आणि तिथनं खरी मोहीम जोरात गेली.

देवीचा एक कच्चा दुवा होता, तो जंतू माणूस सोडून दुसऱ्या कुठल्या जनावरात राहत नाही. म्हणजे प्रत्येक पेशंट शोधून त्याच्या आसपासच्यांना टोचलं की त्याला पळायला जागाच उरत नाही. भारतात शेवटचे पेशंट १९७५ ला, जगात नैसर्गिक शेवटचा १९७७ ला सोमालियात, आणि ८ मे १९८० ला जग देवीमुक्त जाहीर. मग टोचणं बंद, डेपोतलं ते काम पण बंद. तुझ्या दंडावरचा आणि बाबांच्या दंडावरचा छोटा वण तो बीसीजीचा, टीबीसाठीचा, त्याचा आणि देवीचा काही संबंध नाही.

तिथली झाडं तोडून काही ना काही बांधायचं अधूनमधून निघतं, ते तुम्ही पोरांनी लक्षात ठेवा. आणि निदान एक बोर्ड तरी लावा म्हणावं, की इथं काय होत होतं.

प्रश्न (शहापूर, बेळगाव, एक गृहिणी) : डिसेंबरात दही लागतच नाही बगा. आणि मिस्टरांना दूध पचत नाही पण दही चालतं, हे कसं काय?

वहिनी, दही लावणारे जिवाणू चाळीस डिग्रीच्या आसपास खूश असतात, आपल्याकडच्या थंडीत ते झोपतात. दूध बोटाला सोसेल एवढं कोमट, विरजण नीट ढवळून घ्या, आणि भांडं चुलीच्या कडेला किंवा बंद ओव्हनमध्ये, घोंगडीत गुंडाळलं तरी होतं. विरजण जास्त घालून काही उपयोग नाही, आंबट तेवढं होतं.

मिस्टरांचं म्हणाल तर दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती फोडणारं एन्झाइम बहुतेक माणसांत लहानपण संपलं की कमी होतं. जगातल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं असंच आहे, तेव्हा मिस्टरांना आजारी समजू नका, दूध पचतं तेच वेगळे. माणसानं जनावरं पाळली त्याला दहाएक हजार वर्षं झाली, त्यानंतर कुठं काही लोकांत मोठेपणी पण दूध पचवायची ताकद आली, ती उत्तरेकडच्या भारतात जास्त, दक्षिणेकडे कमी. त्याआधी आणि बाकीच्यांसाठी तोड काय निघाली, तर दही-ताक, म्हणजे साखरेचा बराचसा भाग आपल्या आधी जिवाणूंनी खाऊन टाकायचा. हे होतं कशानं ते पाश्चरनं १८५७ ला दाखवलं, दूध आंबवणारे हे जिवंत जीव आहेत म्हणून. आपल्या आज्यांनी त्याआधी कैक पिढ्या विरजण शेजारणीकडनं मागून आणून ते जीव जपले होते.

अजून एक. थंडी नसताना, सगळं नीट असताना पण दही लागलं नाही तर गवळ्याला विचारा गाईला किंवा म्हशीला इंजेक्शन दिलंय काय. कास सुजली, दगडी झाली की अँटिबायोटिक देतात, ते काही दिवस दुधात उतरतं आणि विरजणाचे जिवाणू मारतं. अशा वेळी ते दूध विकायचंच नसतं. दही न लागणं ही तुमच्या घरातली फुकटातली लॅब टेस्ट आहे म्हणा.

प्रश्न (चिक्कोडी) : ताप आला की मेडिकलवाल्याकडनं दोन दिवसाच्या गोळ्या घेतो, बरं वाटतं. डॉक्टर ओरडतात. दोन दिवसात बरं वाटलं तर पुढच्या गोळ्या कशाला खायच्या?

अण्णा, साधा सर्दी-ताप विषाणूचा असतो, तो गोळी घेतली नाही तरी जातोच, नाव गोळीचं होतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. आणि जिथं लागतं तिथं डॉक्टरनं सांगितलेलं अर्धं घेतलं की कमकुवत जंतू मरतात, चिवट राहतात. पेनिसिलिन ज्यानं १९२८ ला शोधलं त्या फ्लेमिंगनंच १९४५ ला नोबेलच्या भाषणात हे सांगून ठेवलंय, की कुणीही दुकानातनं घेऊन कमी डोस खाईल आणि जंतू निर्ढावतील. तेव्हा पेनिसिलिन एवढं दुर्मिळ होतं की इंग्लंडात १९४१ ला पहिल्या पेशंटच्या, एका पोलिसाच्या, लघवीतनं ते परत गाळून त्यालाच द्यायचे, शेवटी साठा संपला आणि तो गेला. आपल्याकडे पिंपरीला १९५४ ला सरकारी कारखाना काढावा लागला. त्या औषधाचे आज आपण शेंगदाण्यासारखे बकाणे भरतोय.

नुसतं तुम्हाला बोलून पण चालणार नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालायचे, माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध, ते सरकारनं २०१९ ला बंद केलं. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढं तरी करा.

प्रश्न (येळ्ळूर, नववीतला मुलगा) : सगळे जंतू एकदम मारले तर सगळे रोग जातील ना?

बाळा, रोग जातील आणि आपण पण जाऊ. शेतात जाऊन भुईमुगाचं झाड मुळासकट उपट, मुळावर छोट्या गाठी दिसतील, एक नखानं फोड, आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला खायला देतात. १९१३ ला कारखान्यातनं नत्र खत निघायला लागलं, त्याच्या आधी शेतातला जवळजवळ सगळा नत्र असल्याच जिवाणूंकडनं यायचा. म्हणून तर शेंगा काढलेल्या रानात पुढची ज्वारी चांगली येते, आजोबांना विचार.

प्रश्न (निपाणी) : २०२१ ला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट नाही म्हणून सासरवाडीला जाता आलं नाही. असं माणसं अडवणं आधी पण होतं काय, का कोरोनातच निघालं?

लई जुनं आहे. १३७७ ला आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा बंदरानं, म्हणजे आत्ताचं डुब्रोव्हनिक, प्लेगच्या गावाहून आलेल्यांना महिनाभर बाहेर ठेवायचा नियम केला, पुढं व्हेनिसनं चाळीस दिवस केले. आपल्याकडे १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला, प्लेगसाठी घाईघाईत केलेला, एवढासा, आणि सरकारला हवे ते अधिकार देणारा. स्टेशनावर गाडी थांबवून प्रवाशांच्या काखा-जांघा तपासायचे, काही ठिकाणी प्लेगचा पासपोर्ट पण होता. २०२० ला तोच कायदा परत काढला, १२३ वर्षांनी.

अडवण्याचा उपयोग होतो काय, तर लवकर केलं तर वेळ मिळतो, उशिरा केलं तर नुसता त्रास. १९१८ ला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लूएंझाची, साथ मुंबईत बोटीवरनं उतरली आणि रेल्वेनं देशभर गेली, कुणी अडवलंच नाही, एक कोटी वीस लाखाहून जास्त माणसं गेली, काही हिशोब दोन कोटीपर्यंत जातात. १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं एकदाच झालंय. पण कोगनोळीला रिपोर्ट मागायचा आणि शेतातल्या वाटेनं मोटारसायकली जाऊ द्यायच्या, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलंय. आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट दवाखान्याला बेळगावलाच येतो, त्याला नाक्यावर तासभर थांबवून कुठली साथ थांबली हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. सासरवाडीचं मात्र सोडा, काही जणांना बरंच वाटलं होतं.

प्रश्न (जांबोटी-कणकुंबी भाग) : आम्ही काजूच्या दिवसात गोव्याकडं सत्तरीत मजुरीला जातो. माकड मेलेलं दिसलं की लोक माकडताप म्हणून घाबरवतात. माकडामुळे होतो काय हा?

दादा, माकड पण त्यात मरणारंच आहे, आणणारी गोचीड. १९५७ ला शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात एकदम माकडं मरायला लागली आणि आसपासची माणसं तापानं फणफणली, तेव्हा हा विषाणू सापडला, म्हणून त्याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. जंगल तोडून मध्ये शेती-बागा आल्या, गुरं जंगलात चरायला जायला लागली, गोचिडांना गुरांचं रक्त मिळालं, त्या वाढल्या. पुष्कळ वर्षं तो शिमोगा आणि आसपासच रेंगाळला, २०१२ नंतर सह्याद्रीनं दोन्हीकडे सरकला, २०१५ ला सत्तरीत, २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गला. उन्हाळ्याकडे जास्त, म्हणजे नेमका तुमचा काजूचा सीझन.

माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे घरी आजारी असेल त्याला वाळीत टाकू नका. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, फरफटत नेऊन टाकायचं तर अजिबात नाही, कारण ते थंड पडलं की त्याच्या गोचिडी उतरतात. जागा लक्षात ठेवून फॉरेस्टवाल्यांना किंवा आरोग्य केंद्रात कळवा. कामाला जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला आरोग्य खात्याचं गोचीड पळवणारं तेल. पाल्यावर बसायचं-झोपायचं नाही. संध्याकाळी घरी आलं की कपडे गरम पाण्यात, आणि काख, जांघ, कानामागं, पोरांच्या केसांत बघून गोचीड काढायची, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडी पेटवून चटका द्यायचा नाही. एकदम मोठा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं आणि आठ-दहा दिवसात जंगलात गेला असाल तर डॉक्टरला ते आधी सांगा, नाहीतर ते डेंग्यूची टेस्ट करत बसतात.